एकसष्ट किलो

गुरू करावा तर रणांगणात रक्त सांडलेला, अशी माझी श्रद्धा. म्हणून मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकायला मी साकीनाक्याचा एक खराखुरा व्यावसायिक फायटर निवडला. तो बोलतो फार कमी. "हनुवटी खाली, काका," म्हणतो आणि लाथ घालतो.

त्याची पुढची फाईट कधीही ठरू शकते, म्हणून वजन एकसष्टच्या वर जाता कामा नये. जिमचा काटा गिऱ्हाइकांना खूश ठेवतो, असं त्याचं मत. त्यामुळे रोज सकाळी तो खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभा राहतो. शिकवताना फोन वाजला की थबकतो, नंबर बघतो, आणि पुन्हा "हनुवटी खाली."

माझी मुलगी दहावी पास झाली तेव्हा मी पेढे नेले. त्याने एक उचलला, डोळे मिटून बराच वेळ वास घेतला आणि परत डब्यात ठेवला.

"फाईट झाली की खातो, काका. माझा ठेवा ना."

परवा मुलगी बारावी झाली. मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा तो काट्यावरच होता. भंगारवाल्याने "एकसष्ट" म्हणून त्याला उतरवलं आणि पत्रा चढवला.