टँकर रिकामा होईपर्यंत

काशीभाऊ भोईर रस्ते पाण्याने काढायचे. कागदी नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या सोसायटीच्या टाकीत टँकरचा पाइप सोडला की ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसत, पाइपाच्या सांध्यातून गळणाऱ्या पाण्यात बोट बुडवत आणि समोरच्या सिमेंटवर विरारचा ठिपका काढत. ठिपक्यातून रेघ निघे ती भिवंडी, नाशिक, धुळे करत पार मध्यप्रदेशातल्या जंगलापर्यंत. उन्हाळ्यात पंचाईत व्हायची. बोट कान्ह्याच्या जंगलात शिरेपर्यंत इकडे नाशिक वाळून गेलेलं असायचं. मग ते शांतपणे म्हणत, "नाशिक गेला. चला सेक्रेटरी, परत विरारपासून."

सेक्रेटरी म्हणजे मी. हे पद मी मिळवलं नव्हतं. फुलपाड्यात फ्लॅट घेऊन राहायला आलो त्याच महिन्यात सोसायटीची सभा होती. पंखा लावा असं सांगायला मी हात वर केला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसेपर्यंत मी सेक्रेटरी झालो होतो. इमारतीला नळ नव्हता. दर रविवारी सकाळी टँकर यायचा आणि तो उतरवून घेणं हे सेक्रेटरीचं काम. पहिल्याच रविवारी मी मोठ्या रुबाबात काशीभाऊंना टाकीचं झाकण दाखवलं. पाणी पूर्ण उतरल्यावर कळलं, की झाकण शेजारच्या सोसायटीचं होतं. त्या सोसायटीचे सेक्रेटरी चाळके गॅलरीत दात घासत उभे राहून सगळं बघत होते. चूळ भरून त्यांनी वरूनच "थँक्यू हां!" म्हटलं आणि आत गेले.

आमच्या इमारतीने मला त्या आठवड्यात काय काय ऐकवलं ते सोडा. काशीभाऊ मात्र पाइप गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाले, "तुमी देव मानूस. सोताच्या घरात पानी नाय आनि दुसऱ्याची टाकी भरता." आणि तासाभरात दुसरा टँकर घेऊन आले. तिथून आमची दोस्ती.

ते खाडीकाठच्या गावातले. घरची भातशेती होती, आता शेतीपेक्षा टँकर जास्त चालायचा. अंगाने वाळलेले, काळेभोर, डोक्याला कायम टॉवेल. तरुणपणी त्यांनी मिठाचा ट्रक पार मध्यप्रदेशापर्यंत चालवला होता. एकदा पहाटे, शिवनीच्या पुढे, रस्ता जंगलातून जात असताना समोरून वाघ गेला. क्लीनरने ओरडून सांगितलं तेव्हा काशीभाऊ आरशात मागची गाडी बघत होते. त्यांनी पुढे पाहिलं तर झुडपात शिरणारी शेपटी तेवढी दिसली.

"तीस वर्सं झाली, सेक्रेटरी," ते म्हणाले. "लोक विचारतात वाघ बघितला का. काय सांगू? अर्धा बघितला? शेपटी तर मांजरीला बी असते. मला त्याचा तोंड बघायचा हाय."

हे त्यांनी ज्या पद्धतीने सांगितलं, त्यात मी पुरता अडकलो. मी विमा कंपनीत कारकून. माझ्या आयुष्यातला सर्वांत रानटी प्राणी म्हणजे आमचा ब्रँच मॅनेजर. पण त्या रविवारी टँकर रिकामा होईपर्यंत आम्ही ठरवून टाकलं. मेव्हण्याची जीप काशीभाऊ आणणार. मेळघाट, पेंच, कान्हा, बांधवगड आणि येताना ताडोबा. बारा दिवस. दोघंच.

टँकर रिकामा व्हायला चाळीस मिनिटं लागायची. ती चाळीस मिनिटं आमची. तीन वर्षं आम्ही दर रविवारी जंगलात गेलो. काशीभाऊ पाण्याने रेघा काढत आणि मी त्या फायलीत उतरवून घेई. कुठे डिझेल भरायचं, कुठल्या ढाब्यावर जेवायचं, कुठल्या घाटात गाडी तापते. वनखात्याच्या विश्रामगृहांना मी इतकी पत्रं लिहिली, की एका रेंजरने उत्तरात माझ्या तब्येतीची चौकशी केली. फायलीवर मी लाल अक्षरात 'वनयात्रा' असं लिहिलं होतं. आमची सौ. त्या फायलीला सवत म्हणायची.

"अहो, आधी विरार ईस्टहून वेस्टला न चुकता जाऊन दाखवा," ती म्हणे. "मग जा वाघाकडे." हे तिने काशीभाऊंच्या देखत म्हटलं. ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "वैनी, रस्ता माझ्याकडं. सायबांनी फक्त हिशेब ठेवायचा, किती वळनं झाली."

घोडं अडलं ते तारखेवर. पहिल्या वर्षी मी ऑगस्टची रजा मंजूर करून घेतली. ऑफिसात पेढे वाटले, दुर्बीण आणली, आणि मग वनखात्याचं पत्र आलं, की पावसाळ्यात उद्यानं बंद असतात. ती रजा मी घरात बसून दुर्बिणीतून चाळक्यांची गॅलरी बघण्यात घालवली. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात जायचं ठरलं, पण काशीभाऊच नको म्हणाले. हिवाळ्यात गवत उंच, पाणी सगळीकडे, वाघ कशाला समोर येईल? वाघ दिसतो तो मे महिन्यात. रान वाळतं, पाणवठे आटतात, एखाद्याच तळ्यावर सगळ्यांना यावं लागतं.

"मग मे महिन्यात जाऊ," मी म्हटलं.

त्यांनी बोट पाण्यातून काढलं. "मे महिन्यात वाघ पान्यावर येतो आनि फुलपाडा बी पान्यावर येतो. मी एकाच ठिकानी जाऊ शकतो ना, सेक्रेटरी."

खरंच होतं. मे महिन्यात त्यांचा टँकर दिवसाला सहा-सहा खेपा करी. त्या महिन्यावर त्यांचं वर्ष चालायचं. पण मी हे वाक्य ऐकलं ते वेगळ्याच कानाने. मला वाटलं, हा माणूस आमच्या पाण्यात अडकला आहे. याला सोडवला पाहिजे. आणि मला कधी नव्हे ती एक कल्पना सुचली.

मी नळ आणायचं ठरवलं.

पुढची दीड वर्षं मी जे केलं, ते पाहून आमच्या इमारतीतल्या लोकांनी मला माफ करून टाकलं. गल्लीतल्या अकरा सोसायट्यांच्या सह्या गोळा केल्या. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. साहेब जेवायला गेले असतील तर ते परत येईपर्यंत बाकावर बसून राहायचो. सही दिली नाही ती फक्त चाळक्यांनी. "टँकर बरा आहे की," ते म्हणाले. "नळ आला की कोण किती भरतो यावर भांडणं." मी मनात म्हटलं, याला फुकटच्या टँकरची सवय.

आणि यातलं एक अक्षर मी काशीभाऊंना सांगितलं नाही. दर रविवारी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून मी पेंचचे रस्ते लिहून घेत होतो आणि पोटात गुपित दाबून आतल्या आत हसत होतो. त्यांना चकित करायचं होतं ना! एखाद्याने मित्राच्या घरावरून बुलडोझर फिरवावा आणि आता तुझ्याकडे छान वारा येईल म्हणून हसत उभं राहावं, तसा मी.

नळाला पाणी आलं ते एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. मीटरला हार घातला, नारळ फोडला. काशीभाऊ नेहमीच्या वेळी टँकर घेऊन आले. मी धावत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं, त्यांच्याच हातांनी तोटी फिरवायला लावली. पाणी धो धो पडायला लागलं. सगळे टाळ्या वाजवत होते.

"काशीभाऊ," मी ओरडलो, "आता मे महिन्यात तुम्ही मोकळे!"

ते पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी गल्लीकडे पाहिलं. प्रत्येक इमारतीखाली नवा निळा पाइप दिसत होता.

"हा सगळा तुमी केला?"

"मी एकट्याने!"

"बरा झाला," ते म्हणाले. पेढा घेतला, तोंडात न टाकता खिशात ठेवला. तारखा बघायला आज फाईल घरी नेतो म्हणाले. मी आनंदाने दिली. भरलेला टँकर तसाच वळवून ते निघून गेले.

पुढच्या रविवारी मी पायरीवर एकटाच बसलो. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी, बॅग भरून झाल्यावर, मी त्यांच्या गावी गेलो. काशीभाऊंची बायको अंगणात मासळी वाळत घालत होती.

"ते नाय ना," ती म्हणाली. "जंगलात गेले. परवा. तुमाला ठाव नाय?"

"कोणाबरोबर?"

"ते तुमच्या शेजारचे. चाळकेसाहेब."

तिने पाणी दिलं ते प्यायलो आणि चालत घरी आलो. सौ.ने माझा चेहरा पाहून बॅग रिकामी करायला घेतली, हे तर सर्वांत वाईट. माझी फाईल. माझे ढाबे. माझ्या तब्येतीची चौकशी करणारा माझा रेंजर. आणि जीपमध्ये चाळके! ज्या माणसाला मेळघाट हा डोंगर आहे की साबण हे ठाऊक नव्हतं. बारा दिवस मी फायलीप्रमाणे मनातल्या मनात त्यांच्याबरोबर गेलो. आज परतवाडा, आज शिवनी. जेवताना घड्याळ बघायचो आणि घास कडू लागायचा.

बारा दिवसांनी पुन्हा गेलो. भांडायचंच ठरवून गेलो होतो. काशीभाऊ मळणीच्या खळ्यावर उभ्या केलेल्या टँकरचे टायर काढत होते. पाइप काढून घेतलेला टँकर मेलेल्या जनावरासारखा दिसत होता.

"तीन वर्षं, काशीभाऊ!" मी म्हटलं. "तीन वर्षं! आणि चाळके?"

"चाळक्यानं सही नाय केली," ते टायरकडे बघत म्हणाले.

"अहो, मी नळ तुमच्यासाठी आणला! तुम्हाला मोकळं करायला!"

"मी बांधलेला हाय असा बोललो होतो काय तुमाला?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दर रविवारी बाजूला बसला होता तुमी. एक शब्द बोलला असता तर मी दुसऱ्या गल्लीत गिऱ्हाईक बघितला असता. पानी येनार ते अख्ख्या गल्लीला ठाव. टँकरवाल्याला नाय."

माझं उत्तर फार मूर्खपणाचं होतं. मी त्यांना चकित करणार होतो. राग मात्र गेला नाही. चूक आपली आहे हे कळल्यावर राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी अशी चूक केलेली नसते. ज्याच्यासाठी केलं, त्याने मला माझ्याच जंगलातून हाकलून दिलं होतं.

निघालो. कुंपणापाशी पोचलो आणि माझा सगळा मान तिथेच गळून पडला.

"काशीभाऊ, तोंड दिसलं का?"

त्यांनी पाना खाली ठेवला, टॉवेलने हात पुसले.

"तुमी नळाचा मला सांगितला नाय," ते म्हणाले. "मी वाघाचा तुमाला सांगनार नाय."

आणि नाही सांगितलं. बोलणं पुढे सुरू झालं. बाजारात भेटलो की चहा व्हायचा, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोही. पण जंगलाचा विषय निघाला की ते दुसरीकडे बघत. चाळक्यांना विचारलं, तर त्या माणसानेही हात जोडले. "त्यांनी शपथ घातलीय," म्हणाले. काशीभाऊंनी टँकर विकला आणि ते एका कारखान्याची गाडी चालवायला लागले, वालीवला. नऊ ते सहा.

चार वर्षांनी, मे महिन्यात, मी सौ.बरोबर एका यात्रा कंपनीच्या बसने कान्ह्याला गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी, आटलेल्या तळ्याच्या काठावर, वाघ पाणी पिऊन उठला आणि त्याने सरळ आमच्याकडे पाहिलं. मिशीवरून पाणी ठिबकत होतं. सौ.ने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर काशीभाऊंना सांगायला डावीकडे वळलो. तिथे सोलापूरचे एक गृहस्थ होते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गावी गेलो. सगळं सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. काशीभाऊ ओटीवर बसले होते, बरेच खंगलेले. कारखान्याची नोकरी छातीच्या दुखण्यामुळे सुटली होती.

"लय दिवसानं," ते म्हणाले. "कुठं होता?"

माझ्या डोळ्यांसमोर ते तळं होतं. आणि चाळके, जीपमध्ये.

"सासुरवाडीला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं, कानांकडे पाहिलं, मनगटावर घड्याळामुळे उमटलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं.

"सासुरवाडीला ऊन लय होता वाटते," ते म्हणाले, आणि आत वळून त्यांनी चहा सांगितला.

चहा पिऊन मी निघालो. त्या पावसाळ्यात ते गेले.