पावणेसहा मानसं

पायथन या कम्प्युटरच्या भाषेतला जुना प्रोग्राम तिच्या नव्या आवृत्तीवर एका दिवसात आननारा धानोऱ्यात मी एकलाच. चालला मात्र तो नाई.

जंगलातल्या आगीवर पहारा द्याच्या टोळ्यांच्या याद्या त्या प्रोग्राममधूनच निंगत. त्या दिवशी तेवीस मानसं होते, टोळ्या चार. जुना पायथन भागाकारातला अपूर्णांक टाकून देत होता, नवा ठेवते, हे मले चौथी नापासाले मालूमच नव्हतं. एका टोळीत पावणेसहा मानसं दाखवून प्रोग्राम बंद पडला.

"बसा, आत्ता करतो," म्हनलं. सारे बसले. तवाच जंगलात आग लागली, दुपारपर्यंत गावचे मोहाचे झाडं जळून गेले, अन् मी स्क्रीनच पाहून राह्यलो होतो.

मोहफुलं वेचनारी म्हातारी बाई म्हने, "भाऊ, तुले इचारलंच काऊन आमी? मानसं मोजता येतेत आमाले."