मांजरपाटाची पिशवी

लढाईच्या वर्षांत मी धुळ्याला एका सुतार मिस्तरींच्या घरी कामाला होतो. चौथीतून शाळा सुटलेला, तळकोकणातला माणूस. आधी जळगावच्या कापसाच्या जिनात दोन हंगाम काढले, तिथलं काम संपलं तसा इकडे आलो. मिस्तरींना सगळे नाना म्हणत. त्यांनी ओसरीवर पडायला जागा दिली आणि त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, परका न मानता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. ते अन्न अजून अंगात आहे.

आतल्या खोलीत नानांनी विजेच्या मोटारीवर लाकूड घासायचं चाक बसवलं होतं. गोल लाकडी तबकडी, तिच्यावर सरसानं चिकटवलेला काचकागद. दिवसाचं काम तासात होई, पण भुकटी अशी उडे की दुपारपर्यंत आमच्या भुवया पांढऱ्या. भिंतीपलीकडेच चूल. अक्कांना धाप लागू लागली.

"बठ्ठा भुसा मनाच पोटमा जास," त्या म्हणत. "मी काय कोठार शे?"

सगळा भुसा पोटात जातो, हे हसून म्हणत, पण एवढं बोलताना दोनदा थांबत. वैद्य म्हणाला, चाक तरी हलवा नाहीतर बाईंना तरी. नाना मला म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत पाहू. नाहीतर मोटार काढून टाकतो. मग काम माझ्या एकट्यापुरतंच राहील, भाऊ." पुढचं ते बोलले नाहीत. मला ते रात्रंदिवस ऐकू येत राहिलं.

जिनात पंखा नळीतून कापूस ओढायचा, ते मी पाहिलं होतं. रॉकेलचे डबे कापून तसा पंखा केला, मोटारीच्याच दांड्यावर चढवला. चाकाखाली नळीचं पत्र्याचं तोंड, दुसऱ्या टोकाला पिशवी. पहिली पिशवी नानांच्या जुन्या धोतराची. तिच्यातून भुकटी आरपार आली.

"त्या धोतरमा मालकच मावतस नही," अक्का म्हणाल्या, "भुसा काय मावी?" आणि भिंतीला टेकून, दम खात, त्यांनी दुहेरी मांजरपाटाची पिशवी शिवून दिली.

बाजाराच्या आदल्या दिवशी शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याचा पाळणा करायचा होता. पहिल्या नातवाचा पाळणा घरच्याच जुन्या बैलगाडीच्या लाकडाचा, ही त्यांच्या घरची रीत. अशा लाकडात खिळे मोडून राहिलेले असतात. फळीवरून तळवा फिरवल्याशिवाय ती चाकाला लावायची नाही. मी तशीच लावली. माझं सगळं लक्ष पिशवीकडे होतं, कुठून गळते का.

चर्र झालं. एक लाल ठिणगी पत्र्याच्या तोंडात गेली. थोड्या वेळानं पिशवीवर तपकिरी डाग दिसला आणि करपल्याचा वास आला.

"गाठ सोड, झटकून टाक," म्हणत नाना पुढे आले.

"नाना, हात नका लावू."

वडीलधाऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा अडवलं. धुमसणारा कापूस जिनात कोणी मोकळा करत नसे. वारा लागला की भडका. ही भुकटी तर त्याहून बारीक. मी मोटार बंद केली. पंखा मात्र आपल्या वेगानं फिरतच राहिला, वारा भरत राहिला, आणि डाग तळहाताएवढा झाला. भिंतीपलीकडे अक्का भाकरी थापत होत्या. पंखा थांबला तसा मी पिशवीचा गळा मुठीत आवळला, नळीपासून कापला आणि न हलवता, देवाची पालखी न्यावी तशी, पिशवी परसात नेली. गुरांच्या पाण्याच्या कुंडीत दाबून धरली. पाणी फसफसलं. बोटं भाजली ते नंतर कळलं.

"खिळा होता," मी म्हणालो. "मी तपासलं नव्हतं."

अक्का पिठाच्या हातांनी दारात आल्या होत्या. नानांनी त्यांना विचारलं, "आज खोकलीस का?"

"सकायपाईन नही," त्या म्हणाल्या. मग कुंडीकडे पाहून, "आते तुम्ही दोन्ही घर पेटाडशात तर खोकसू."

नाना आत गेले आणि पहार घेऊन आले. परसाकडच्या भिंतीला, कुंडीच्या बरोबर वर, भोक पाडायला लागले. पिशवी आता बाहेर टांगायची होती.

मी पाळण्याच्या उरलेल्या फळ्या मांडीवर घेतल्या. एकेकीवरून तळवा फिरवत गेलो. तिसऱ्या फळीत, गाठीच्या अगदी कडेला, दुसरा खिळा लागला.