तिसरं नाव

प्रेमिलाचं काम ऐकून जरीपटका वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पोरीनं दिवसभर पेपर वाचायचे, आणि तेही एका मशीनसाठी! पण ते खरंच होतं. सीताबर्डीजवळच्या एका संस्थेत विश्वनाथ सरांनी १९८६ साली कॉम्प्युटरला शहाणं करायचा घाट घातला होता. प्रेमिलानं रोज चार पेपरांतल्या बातम्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, मशीन त्यातून माहिती वेचून आपापलं शिकणार. नियम एकच: तीन पेपरांत सापडलं, की ते खरं. माणसं तरी याहून वेगळं काय करतात म्हणा.

मार्चमधल्या एका सकाळी चारही पेपरांत एकच बातमी होती. शहराबाहेरच्या कारखान्यात आदल्या संध्याकाळी बॉयलर फुटला, दोन ठार. प्रेमिलाच्या छातीत धस्स झालं. तिचा बाप बळीराम तिथंच ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा ओढायचा, आणि तो अजून घरी आला नव्हता. तिनं ती दोन नावं वाचली, पुन्हा वाचली. बळीराम त्यांत नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. ठेकेदारानं राडारोडा उचलायला थांबवून घेतलं असेल, असं म्हणत ती निवांत टाइप करत बसली.

तिसऱ्या दिवशी बळीराम ढिगाऱ्याखाली सापडला. ठेकेदाराच्या माणसांची नावं हजेरीपटावर नसायची. त्यामुळे कारखान्याच्या लेखी मेले ते दोघंच, आणि पेपरांनीही पुढं काही छापलं नाही.

"तुया मशीनले तरी सांग वं," आई तुळसाबाई म्हणाली. "त्याले सारं मालूम असते म्हणते ना तू?"

पंधरा दिवसांनी कामावर आल्यावर प्रेमिलानं मशीनला पहिला प्रश्न तोच विचारला. उत्तर आलं: दोन.

"सर, तीन मेले. तिसरे माझे बाबा होते."

सरांनी चष्मा काढून ठेवला. "फार वाईट झालं, प्रेमिला. पण... हे कुठं छापून आलंय का?"

त्या दुपारी तिनं तीन पेपरांच्या मजकुरात बापाच्या मरणाची, न छापलेली एकेक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी मशीननं बळीरामचं नाव सांगितलं आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली.

शनिवारी सर मूळ पेपर घेऊन पडताळणीला बसायचे, हे ती दुःखात साफ विसरली होती. त्या ओळी सापडल्या, तरी ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्या कोणीही काहीही घुसवेल, मग यावर विश्वास कोण ठेवणार?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हीच काढा."

नक्की काढायचं का, असं मशीननं विचारलं. तिनं बटण दाबलं.

घरी तुळसाबाई दारातच उभी होती. "सांगितलं का वं?"

"सांगितलं, माय."

"मंग? ओळखते का थे तुया बापाले?"

"ओळखते."

त्या दिवशी तुळसाबाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. प्रेमिलानं मात्र आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. 'दोन ठार' हे चार वेळा तिच्याच बोटांनी लिहिलं होतं, आणि आज तिसरं नाव पुसून पाचव्यांदाही तिच्याच.