उलटी धरलेली फिल्म

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि नणंदेच्या डोक्याच्या स्कॅनची ती काळी फिल्म हाती लागते. तिला आवाज ऐकू यायचे, आणि मी, घरातली अतिशहाणी सून, ‘नाटकं पुरे’ म्हणायची. शेवटी तिला औरंगाबादला नेलं; तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ही फिल्म काढून घेतली, माझा कान धरला नाही इतकंच. म्हणाल्या, ‘‘कुणी बोलत नसतानाही मेंदूतली ऐकायची जागा जागी होते. हिला खरंच ऐकू येतं.’’ तिला घेऊन देवगावला परतले, तर दारात जीप उभी; चुलतसासरे तिला भगताकडं साखळीला बांधायला न्यायच्या तयारीत. ऊन मी म्हणत होतं. मी पदर खोचला, फिल्म उन्हात धरली अन् म्हटलं, ‘‘मामंजी, यात भूत कुठं हाये तिथं बोट ठेवा, मग खुशाल न्या!’’ त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाकून बघितलं. बोट काही उठलं नाही. जीप रिकामीच गेली. तेव्हा मागून नणंद हळूच म्हणाली, ‘‘वैनी, उलटी धरलीय.’’ आता ती सत्तरीची, गोळ्या घेते, तरी आवाज कधीमधी येतातच. ‘‘काय म्हणतात गं?’’ विचारलं की म्हणते, ‘‘तुमच्यापेक्षा कमीच बोलतात.’’