तोफबाईचं गोड बोलणं

तोफेला निदान बत्ती तरी लावावी लागते. हिला तेवढीही गरज नव्हती. आपल्या मुलखातल्या सरकारी इस्पितळात ती कैक वर्षं नर्स होती, आणि तिथे तिला तोंडावर सिस्टर अन् पाठीमागे तोफबाई म्हणत. तिच्या कानावर ते यायचं. आल्यावर ती रागवायची, आणि औषधांच्या खोलीत जाऊन गालातल्या गालात हसायची. कारण तिच्या वॉर्डात अंथरुणाला खिळून राहायची कुणाची छाती नव्हती.

ऑपरेशन झालेला एखादा गडी सकाळी कण्हत म्हणायचा, "आज चालायचं नको, सिस्टर."

"का, पालखी मागवू?" ती म्हणायची. मग पलंगाभोवती दाटीवाटीने बसलेल्या नातेवाइकांकडे वळायची. "तू काखेत हात घाल. तू चपला आण. आणि काका, तुम्ही नुसते सुस्कारे सोडायला आला असाल तर ते व्हरांड्यात सोडा, इथे हवा कमी आहे."

गडी उठायचा. पडत, धडपडत, शिव्या गिळत उठायचा. आणि घरी जाताना डोळ्यांत पाणी आणून सांगायचा की सख्खी बहीणसुद्धा आपल्याला इतकं कधी बोलली नाही.

तिच्या लेखी 'नको' ही बोलण्याची सुरुवात होती. पाहुणा चहाला नको म्हणतो, पोर शाळेला नको म्हणतं, म्हातारा गोळीला नको म्हणतो. सगळ्यांचं ऐकत बसलं असतं तर जगाचं रहाटगाडगं कधीच थांबलं असतं.

अशी ही बाई परीक्षा देऊन, पास होऊन, समुद्र ओलांडून परक्या देशातल्या इस्पितळात गेली. तिथली रीत अशी होती की नव्या नर्सने आधी राखी रंगाचा झगा घालायचा आणि वॉर्डप्रमुखांच्या नजरेखाली काम करायचं. वॉर्डप्रमुखांनी 'ठीक' म्हटलं की गडद निळा झगा मिळायचा. त्या निळ्या झग्याबरोबरच नवऱ्याला आणि मुलीला आणायची परवानगी मिळायची. तोवर नाही. इतक्या वर्षांचा अनुभव विमानतळावरच उतरवून घेतला होता, जसं खिशातलं नखं कापायचं यंत्र काढून घेतात.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे धीर धरणं हाच त्याचा धंदा. पण लेक लहान होती. आई विमानात बसली त्याच दिवशी तिने आपले सगळे फ्रॉक पेटीत भरून टाकले होते. रोज एक काढायची, घालायची, आणि धुऊन वाळला की परत पेटीत ठेवायची. निघायची वेळ झाली तर उशीर नको.

नव्या वॉर्डच्या प्रमुख बाई सडपातळ होत्या. त्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही, आणि बोलणं इतकं मऊ की 'तुमच्या घराला आग लागली आहे' असं त्यांनी सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्याला झोप आली असती. तोफबाई मनात त्यांना मोठ्या बाई म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात तोफबाईने एका धडधाकट पेशंटला, त्यांच्याच भाषेत पण आपल्याच सुरात, विचारलं, "उठताय ना? की पलंग घरी न्यायचा विचार आहे?" तो पेशंट हसला आणि उठलाही. तक्रार केली शेजारच्या पलंगाने.

मोठ्या बाईंनी तिला एका लहान खोलीत नेलं. खोलीत दोन खुर्च्या, आणि मधल्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा. रडणाऱ्याची सोय आधीच करून ठेवलेली.

"इथे आपण विचारतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला आवडेल का, असं. ते नको म्हणाले तर कारण विचारायचं, एकदा समजावून सांगायचं, आणि तरीही नको असेल तर मान द्यायचा. माणूस आजारी पडला म्हणून आपल्या अंगाची मालकी सोडत नाही."

बोलणं खोटं नव्हतं. तेच तर जास्त टोचलं.

मग तिला गोड बोलण्याच्या वर्गाला पाठवलं. तिथे एक तरणाबांड शिक्षक स्वतःच खुर्चीत बसून आजारी पडायचा, आणि नर्सांनी एकेक करून त्याला अंघोळीसाठी विनवायचं. तो सारखा नको म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदाच तोफबाईने एका निरोगी माणसाला अंघोळीवाचून सोडून दिलं, आणि वर त्याची शाबासकी मिळवली. तिने ते गोड बोलणं पाठ केलं, घोटलं, गिळलं. तिकडे पेटीत फ्रॉक होते.

वॉर्डात आता तिच्या तोंडातून साखर सांडू लागली. "तुम्हाला गोळी घ्यायला आवडेल का?" "नाही." "बरं." "तुम्हाला खुर्चीत बसायला आवडेल का?" "नाही." "बरं." सगळीकडे अशी शांतता आणि असा आदर, की आजारांनासुद्धा तिथून हलावंसं वाटेना.

सवय मोठी वाईट. ती फोनमधूनही घरी पोचली. घरी मुलीला सांभाळायला तिची आई येऊन राहिली होती. म्हातारीला साखरेचा आजार, आणि चालायचा कंटाळा. एका दुपारी तोफबाई फोनवर म्हणाली, "आई, तुला जेवणानंतर थोडं चालायला आवडेल का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"काय झालं गं?" आईचा आवाज बारीक झाला होता. "नोकरी गेली का?"

"नाही आई. नुसतं विचारतेय."

"तू कधी विचारतेस? जावईबापू, इकडे या. पोरगी आजारी आहे तिकडे. माझ्याशी गोड बोलतेय."

त्यानंतर म्हातारीने चालणं सोडलंच. हातपाय गळाले, म्हणे, काळजीने. आणि तोफबाई रोज गोडच बोलत राहिली, कारण तोफ वॉर्डापुरती थंड ठेवायची आणि घरी तापवायची हे तिला जमेना. तोंड एकच होतं.

त्याच सुमाराला खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारी शिंपीण आली. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण बाई उठेना. बोटं मात्र स्वस्थ नसायची. चादरीची कड दुमडायची, चिमटीत धरायची, सोडायची. येणाऱ्याजाणाऱ्याला डोळ्यांनीच मापायची.

"तुझ्या झग्याचा डावा खांदा उतरलाय," ती तोफबाईला म्हणाली. "कुणी शिवला हा? पोत्याचं तोंड शिवणाऱ्याने?"

तोफबाईला ही बाई आवडली. जीभ ओळखीची वाटली.

"तुम्हाला आज चार पावलं टाकायला आवडेल का?"

"नाही."

"का बरं?"

"इच्छा नाही."

"चालला नाहीत तर फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात."

"समजलं. नको."

"बरं," तोफबाई म्हणाली, आणि मान देऊन पुढे गेली.

व्यायाम शिकवणारे आले, तेही मान देऊन गेले. असे दिवस जात राहिले. शिंपिणीला सगळ्यांनी इतका मान दिला की तिच्या टाचा लाल झाल्या आणि छातीत घरघर सुरू झाली. चादर दुमडणारी बोटंही मंदावली. अशी माणसं तोफबाईने मोजता येणार नाहीत इतकी पाहिली होती. पलंग माणसाला एकदम गिळत नाही. आधी टाचा चाटतो.

अखेरच्या पाहणीचा दिवस उजाडला. मोठ्या बाई हातात पेन घेऊन तिच्या मागे मागे, बिनआवाजाच्या पावलांनी. औषधं बरोबर, हात धुणं बरोबर, बोलणं मधासारखं. खिडकीजवळ आल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला आज उभं राहायला आवडेल का?"

शिंपीण भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नको."

तोफबाईने कारण विचारलं. समजावून सांगितलं. पुन्हा 'नको' आलं. मोठ्या बाईंनी समाधानाने मान हलवली आणि पेन टेकवलं. झालं. निळा झगा मिळाल्यात जमा होता. आता फक्त 'बरं' म्हणायचं आणि पुढच्या पलंगाकडे जायचं.

ती दोन पावलं गेलीसुद्धा. मग तिची नजर चादरीवर पडली. कड दुमडलेली नव्हती. सरळ, इस्त्री केल्यासारखी पडून होती, आणि बोटं तिच्यावर निपचित.

ती वळली.

"काय हो बाई," तिने कमरेवर हात ठेवले, "जन्मभर गिऱ्हाइकांना सरळ उभे राहा, सरळ उभे राहा म्हणून कोकललात ना? आणि स्वतःची पाळी आली की भिंतीकडे तोंड? माझा खांदा उतरलाय म्हणता, तुमचं सगळंच अंग उतरलंय. उठा. मी काही तुमच्या झोपलेल्या अंगाचं माप घ्यायला आलेले नाही."

मोठ्या बाईंचं टेकवलेलं पेन कागदावरच थांबलं.

शिंपीण हळूच वळली. तिच्या डोळ्यांत आग होती. "जीभ आहे की कात्री?"

"कात्री. वॉकर इकडे ओढला आहे, धरा."

"पडले तर?"

"पडायला मी तुम्हाला मोकळं सोडणार आहे का?"

शिंपीण उठली. थरथरली, तोफबाईच्या दंडात नखं रुतवली, आणि खिडकीपर्यंत गेली. तिथे उभी राहून बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाचा कोट बघत म्हणाली, "बाही आखूड आहे."

त्याच लहान खोलीत मोठ्या बाईंनी तिला बसवलं. मग म्हणाल्या, "त्या उठल्या, हे चांगलं झालं. पण त्यांना खरंच नको असतं तर?"

"मला कळलं असतं."

"कसं?"

तोफबाईने मनात मोजलं. चादरीची कड, बोटं, टाचा. हे सांगितलं असतं तरी उत्तर पुरं झालं नसतं. ज्याला खरंच नको असतं तोही कधी कधी भिंतीकडेच बघतो.

"तुम्हालाही नेमकं सांगता येत नाही," मोठ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "मग मी ते कशाच्या भरवशावर मान्य करू? उद्या तुमचं बघून दुसरी कुणी ओरडेल, आणि तिला कळणार नाही." त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. राखी झगा आजवर होता तितकाच काळ आणखी. तोफबाईने एक रुमाल घेतला, नाक शिंकरलं, आणि डबा होता तिथे परत ठेवला. रडायला तिला सवड नव्हती, शिंपिणीची दुसरी फेरी व्हायची होती.

मधल्या सुट्टीत ती धोबीखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसली आणि घरी फोन लावला. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ते ऐकलं, घड्याळाचं झाकण उघडून आत बघावं तसं.

"जातील तेवढेही दिवस," तो म्हणाला.

"पोरीला काय सांगाल?"

"सांगतो, आईचं घड्याळ उघडलंय. एक चाक बसायचं राहिलंय."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "जावईबापू, द्या मला. हॅलो, कशी आहेस गं बाळा? माझं काही नाही, माझे गुडघे गेले. मी आता चालत नाही. तूही काही म्हणत नाहीस..."

"गुडघे गेले? कुठे गेले, बाजारात?" तोफबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पायऱ्यांवरून खाली घुमला. "दिवसभर बसून त्या मालिकेतल्या सासवांची उणीदुणी काढायला होतं तुला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जायला नको? ऊठ. चपला घाल. मी फोन ठेवणार नाही. मला तुझ्या चपला ऐकू आल्या पाहिजेत."

म्हातारीचा आवाज एकदम मोकळा झाला, कुणी उरावरचा धोंडा उतरवल्यासारखा.

"झालं. नोकरी पक्की झाली."

"आई, तसं नाही..."

"मला शिकवू नकोस. आवाजावरून कळतं." दार उघडल्याचा आवाज आला. "अहो ऐकलंत का, आमची पोरगी पक्की झाली तिकडे. आत्ताच मला सणकून बोलली."

तोफबाईने खरं सांगायला तोंड उघडलं. फोनमधून चपला वाजत होत्या, चटक चटक, आणि मध्ये मध्ये धाप. म्हातारी एका दारापाशी थांबायची, बातमी सांगायची, आणि पुढच्या दाराकडे निघायची.

तोफबाईने तोंड मिटलं. अजून निम्मी गल्ली बाकी होती.