तिला बोलून येऊ दे

आमची लेक अमेरिकेची नागरिक झाली ती तिथं मत देता यावं म्हणून. इथला पासपोर्ट सोडताना ती फोनवर रडली होती. पहिलं मत देऊन आली तेव्हाही तिचा आवाज पडलेलाच होता. तिच्या राज्यात दुसऱ्याच पक्षाचा जोर. राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला राज्याच्या वाट्याचे सगळे निर्वाचक मिळतात आणि राष्ट्राध्यक्ष ठरवतात ते निर्वाचक. तिचं मत राज्याच्या हद्दीतच संपलं. देशभरात जास्त मतं मिळवूनही तिथं माणूस हरू शकतो. कळमनुरीच्या शाळेत इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण हे मला नीट ठाऊक नव्हतं.

देशभर ज्याला जास्त मतं, त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे, असा कायदा राज्याराज्यांनी मिळून करावा म्हणून तिथं एक चळवळ चालते. लेक त्यात पडली. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी अनोळखी दारं वाजवत फिरायची.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर यांना त्या निर्वाचकांचं वेडच लागलं. सकाळी लेकीशी बोलायचं आणि मग स्टँडवरच्या हॉटेलात चार जणांना समजावून सांगायचं. एकदा तिथं कोणी म्हणालं, आपण तरी पंतप्रधान कुठं थेट निवडतो? हे तो प्रश्न घोळवतच घरी आले. संध्याकाळी तोच प्रश्न लेकीला विचारला आणि बापलेक तासभर भांडले, अगदी खुशीत.

अखेर तिच्या राज्याच्या विधानमंडळात त्या कायद्याचा प्रस्ताव आला. समितीपुढं साध्या नागरिकांनाही बोलता येतं. बोलणाऱ्यांत लेकीचं नाव लागलं. त्याच आठवड्यात यांच्या छातीत दुखलं. नांदेडला दवाखान्यात ठेवलं. लेक म्हणाली, लगेच निघते.

यांनी माझा हात धरला. "मी काही मरून न्हाई राहिलो. तिला बोलून येऊ दे. लई राबलं लेकरू."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलीला बोलावून घ्या. पण यांचं मन मला मोडवेना. मी फोनवर म्हणाले, डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, तू बोलून मगच ये.

बोलून बाहेर आल्या आल्या तिनं फोन केला. "बाबांना दे," म्हणाली. इकडं सकाळ झाली होती आणि हे पहाटेच गेले होते. मी तसाच फोन पुढं केला. दिरांनी फोन घेतला.

ती पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. दहाव्याच्या दिवशी तिकडून निरोप आला, प्रस्ताव समितीतच पडला. तिथं काय बोललीस, मी विचारलं. बाबांबद्दल बोलले, म्हणाली. मतदानाचं सामान नेणारी बाबांची एसटी एका तांड्याच्या वाटेवर चिखलात रुतली, तेव्हा बाबांनी खाली उतरून ती ढकलली होती. त्या तांड्यातलं मत आणि शहरातलं मत आमच्याकडं एकाच मोजणीत धरतात, असं तिनं सांगितलं. समितीतल्या एकानं आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. मला राहवलं नाही. डॉक्टर खरं काय म्हणाले होते ते मी सांगून टाकलं. ती पलंगावर बसली.

"आई, मला ठरवू द्यायचं होतंस."

एवढंच. आवाज चढला नाही, रडलीही नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. माझं गुडघ्याचं दुखणं, तिकडची थंडी, एवढ्यात बोलणं आटोपतं. यंदा तो प्रस्ताव पुन्हा येणार आहे, हे मीच विचारल्यावर तिनं सांगितलं. तू बोलणार का, म्हटलं. नाही म्हणाली, ते काम सोडलं. जा, बोल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला जा किंवा ये म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. मी गोळ्या वेळेवर घेते का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणाले.